लाल चिठ्ठी माझ्याच मझल ब्रेकला

वाळूजच्या आमच्या कंपनीत माझ्या टेबलाला सगळे कत्तलखाना म्हणतात. बाहेरच्या छोट्या वर्कशॉपमधून घडवून आलेले सुटे भाग मी तपासते. माप बरोबर असेल तर हिरवा स्टिकर, चुकलं असेल तर लाल चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर कारण. सतरा वर्षं हेच करते आहे. वर्कशॉपवाले मला टरकून असतात, हे मला ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

त्यातल्या एका टर्नरमामांच्या वाट्याला लाल चिठ्ठ्या जरा जास्तच गेल्या. साठीला टेकलेला माणूस, फर्दापूरकडच्या मेंढपाळाच्या घरातला, पण उभं आयुष्य लेथवर काढलेला. केसाएवढ्या फरकासाठी मी माल परत केला की मामा चिठ्ठी हातात घेऊन माझ्या टेबलापाशी यायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, घरी पोळ्या बी मापून लाटता का, मॅडम. मीही कमी नव्हते. गोल झाल्या नाहीत तर परत पाठवते, म्हणायचे.

हे झालं नोकरीचं. मला दुसरंही एक वेड आहे. गंगापूरच्या कॉलेजात एनसीसीत असताना माझा नेम चांगला होता. मग लग्न, नोकरी, पुंडलिकनगरातलं घर यात तो कुठे गेला कळलं नाही. बेचाळिसाव्या वर्षी मी एका रेंजवर जाऊन पुन्हा उभी राहिले, आणि पुढं वापरलेली पण चांगली एअर रायफल विकत घेतली. दहा मीटरवर कागद, आणि त्याच्या मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका.

राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याची निवड दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. आधीच्या दोन निवडींत मी थोडक्यात राहिले होते. तिरीमिरीत घरात बोलून बसले की यंदा नाव आलं नाही तर रायफल विकून टाकीन. नवऱ्यानं लगेच गिऱ्हाईकही बघून ठेवलं. माझी जीभ मला अशी नडते.

कसर राहू नये म्हणून मी रायफलला मझल ब्रेक बसवायचं ठरवलं. म्हणजे नळीच्या तोंडावर चढवायचा ॲल्युमिनियमचा एक पोकळ तुकडा. छर्‍याच्या मागून जोरात येणारी हवा त्याच्या बाजूच्या भोकांतून निघून जाते, त्यामुळे नळी उसळत नाही आणि छरा सरळ जातो. चित्र मी काढलं, मापं मी दिली, आणि मामांकडे मुद्दाम न जाता दुसऱ्या वर्कशॉपमधून तो करून घेतला. नळीवर तो इतका घट्ट आणि सुबक बसला की मी तो चार जणांना दाखवत फिरले.

आणि तेव्हापासून माझे छरे बिघडले. एक मधोमध, पुढचा भलतीकडेच. रेंजवरचे सर म्हणाले की वय आहे, हात थकतो, श्वासावर काम करा. मी तीन आठवडे श्वासावर काम केलं. रात्री उशीत तोंड खुपसून रडलेही. मझल ब्रेकवर संशय घ्यावा हे माझ्या मनात एकदाही आलं नाही, कारण तो मी काढलेल्या मापाचा होता.

खंडेनवमीला मामांच्या वर्कशॉपमध्ये पूजा असते आणि ते सगळ्यांना जेवायला बोलावतात. आमच्या घरी यंत्राची पूजा होत नाही. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. पण मामांच्या हातची पुरणपोळी मी कधी चुकवली नाही. त्या दिवशी रेंजवरून थेट तिकडेच गेले, रायफलच्या पेटीसकट. मामांनी पेटीत काय म्हणून विचारलं. दाखवायची हौस होतीच. हवेची टाकी काढून, नळी रिकामी आहे हे बघून मी रायफल त्यांच्या हातात दिली.

मामांनी मोबाइलचा उजेड मझल ब्रेकच्या तोंडात धरला आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग विचारलं, "मॅडम, हे कोणी तपासलं?"

मी आत डोकावले. भोकाच्या एकाच कडेला शिशाची रुपेरी रेघ चमकत होती. छरा जाता जाता तिथं घासत होता. सतरा वर्षं लोकांचा माल परत करणारी मी, तीन आठवड्यांत या भोकात एकदा डोकावले नव्हते. कानापर्यंत लाल झाले.

"पण बाहेरून तर बरोबर बसलाय," मी म्हटलं.

"भोक नळीच्या मधोमध हाय, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांनी नळी सुटी करून लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत धरली आणि केसाएवढा फरकही दाखवणाऱ्या डायलचा काटा नळीच्या बाहेरच्या अंगावर टेकवला. चक हातानं फिरवला, काटा जागचा हलला नाही. मग नळीच्या भोकात एक बारीक, सरळ पिन बसवली आणि काटा पिनेवर टेकवला. आता चक फिरवला तसा काटा पुढं-मागं झुलायला लागला. भोक मधून थोडं बाजूला होतं. मी सगळी मापं बाहेरून घेतली होती, आणि छरा जातो आतून.

आता करायचं काय ते दोघांनाही कळत होतं. बाहेरच्या अंगाऐवजी नळीच्या भोकाचा मध्य धरायचा, मझल ब्रेक नळीवर चढवायचा आणि त्याचं तोंड तिथल्या तिथं थोडं मोठं करून घ्यायचं. पण लेथला झेंडूची माळ होती, हळदकुंकू लागलेलं होतं. पूजेला बसलेलं यंत्र दसरा झाल्याशिवाय मामा सुरू करत नाहीत. मी विनवलं, मग चिडले. शेवटी रायफल विकायचं बोलून बसल्याचं सांगितलं.

मामांनी माळेकडे पाहिलं. मग मेन स्विच बंद केला आणि बाह्या वर केल्या.

"मोटार नाय लावायची. चक तुम्ही फिरवा. आज तुम्हीच माझी मोटार."

पिनेवरचा काटा स्थिर होईपर्यंत त्यांनी चकचे चारही जबडे एकेक करून सरकवले. पिन काढून नळीच्या तोंडात ग्रीस लावलेला कापूस कोंबला, म्हणजे कीस आत जायला नको. मझल ब्रेक चढवून नळीवर आणि त्याच्यावर जुळणारी खूण केली, म्हणजे काढला तरी पुन्हा तसाच बसेल. मग मी दोन्ही हातांनी चक फिरवत राहिले आणि ते हत्यार कणाकणानं पुढं सरकवत राहिले. माळेतल्या झेंडूच्या सोनेरी पाकळ्या माझ्या मनगटावर पडत होत्या. खांदे भरून आले. जरा थांबले की मामा म्हणायचे, मोटार कमजोर निघाली.

मजुरी त्यांनी घेतली नाही. लाल चिठ्ठी मागितली. माझ्या पर्समध्ये गठ्ठा असतोच. माझ्याच मझल ब्रेकसाठी मी माझ्या हातानं चिठ्ठी भरली आणि कारणापुढं लिहिलं: न तपासता बसवला. मामांनी ती देवाच्या फळीखाली खिळ्याला टोचली. त्या फळीवर त्यांचा एक जुना तुकडा ठेवलेला असतो, मी पहिल्यांदा पास केलेला, हिरव्या स्टिकरसकट.

निवडीच्या दिवशी पहिला छरा सुटला आणि मला खांद्यातच कळलं. रायफल गप्प होती. दुसरा पहिल्याच्या भोकातून गेला. साठ छरे संपेपर्यंत मला श्वासाची आठवणसुद्धा झाली नाही. यादी लागली तेव्हा माझं नाव पहिलं होतं. सरांनी हात मिळवला, वयाचं काही बोलले नाहीत. मी रेंजच्या बाहेर येऊन नवऱ्याला फोन केला आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगायला सांगितलं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हेही त्याला सांगितलं.

तिथून सरावाच्या दहा छर्‍यांचा कागद घेऊन मी थेट वाळूज गाठलं. लेथ सुरू होता, माळ सुकली होती. मामांनी हात पुसले, व्हर्नियर काढला आणि कागदावरचं भोक उभं-आडवं मोजलं. दहा छरे मिळून भोक एकच होतं.

मग ते फळीपाशी गेले. त्या जुन्या तुकड्यावरचा हिरवा स्टिकर त्यांनी नखानं सावकाश सोडवला आणि माझ्या कागदावर लावला. डिंक कधीच वाळून गेला होता. तो चिकटेपर्यंत मामा त्यावर अंगठा दाबून उभे राहिले.