फुंकायला कोणाला लावायचं?

आज दुपारी मी सपशेल नापास झाले. इथे लिहितेय, कारण तुमच्यापैकी काहींना मी नाक्यावर अडवलेलं असणार.

मी वाहतूक पोलिसात आहे. आठ वर्षं दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडलं. आता नव्या भरतीला तेच शिकवायचं, म्हणून मला कोर्सला पाठवलंय. आज समोर दोन माणसं बसवली होती. त्यातल्या एकाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू घेतलेली. मशीन न वापरता तो ओळखायचा होता.

एक वारज्याचे रिक्षावाले. डोळे लाल, जीभ अडखळते, वर तोंडात बडीशेप! वास लपवायला दुसरं काय असतं? माझा संशय तिथेच पक्का झाला.

दुसरे सदाशिव पेठेतले निवृत्त प्राध्यापक, कडक इस्त्रीचा शर्ट. "आपण निःसंकोच विचारा," म्हणाले. मी दोन प्रश्न विचारले. वयस्कर माणूस, म्हणून सरळ रेषेत चालायला काही लावलं नाही.

मी रिक्षावाल्यांवर बोट ठेवलं. मग मशीन आणलं. त्यांचा आकडा शून्य. प्राध्यापकांचा मर्यादेच्या कितीतरी वर.

"अहो, चालायला सांगितलं असतंत तर पडलोच असतो," प्राध्यापक म्हणाले. सगळे हसले.

रिक्षावाले हसले नाहीत. "मॅडम, मी आयुष्यात घेतलेली नाही. वर्दी दिसली की जीभ अडखळते. जीभ अडखळली की फुंकायला लावतात."

मला वाटायचं, मी सगळ्यांवर सारखाच संशय घेते. खरं सांगा, माझ्यासारखीने "जा काका" म्हटलं म्हणून तुमच्यातलं कोण कोण सुटलंय?