पेटीवालीचा मुक्काम

नदीकाठच्या जंगलवस्तीत तिला सगळे पेटीवाली म्हणत. खांद्याला लसीची निळी थंडपेटी अडकवून ती धुक्यातून होडीने यायची, तेव्हा पाण्यातूनच उगवल्यासारखी वाटायची. होती ती याच वस्तीची लेक. बाहेर शिकून नर्स झाली होती.

त्या सकाळी ती चढण चढून वर आली, तर सगळी दारं बंद. मागे कधीतरी परकी माणसं सुया टोचून रक्त घेऊन गेली होती. कशासाठी, ते कुणी सांगितलंच नव्हतं. वस्ती ते विसरली नव्हती.

तिची आत्या तेवढी दारात बसली होती, तान्ह्या नातीला मांडीवर घेऊन.

"तू आमची की त्यांची?" आत्याने विचारलं.

"तुझीच गं. पण खालच्या गावांत डांग्या खोकला आलाय."

"तू टोचून मोकळी होशील. ताप आला तर उरावर घेऊन कोण बसणार?"

शिकवलेलं उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "ताप येईल, मांडीही जरा सुजेल. मी जात नाही. उद्यापर्यंत इथेच बसते."

आतून आत्याची सून बाहेर आली. "आई, टोचू द्या. लेकरू माझं आहे."

सुई टोचली. बाळाने वस्ती डोक्यावर घेतली, मग थकून निजलं.

दुपारीही धुकं हललं नाही. तापाने कोमट झालेलं बाळ छातीशी धरून पेटीवाली भिंतीला टेकली. आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत होते. डोळा लागला, आणि तिच्या कुशीत तिचा धाकटा भाऊ होता. खोकून खोकून निळा पडलेला, श्वासासाठी तडफडणारा. त्या वेळी वस्तीत कुणीच पेटी घेऊन आलं नव्हतं. तिने दचकून पाहिलं. बाळ शांतपणे श्वास घेत होतं. ती कितीतरी वेळ तो श्वास ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाळाचं अंग निवलं, आणि ते हावऱ्यासारखं दूध पिऊ लागलं. आत्या अंगणात उभी राहून गरजली, "या की आता! अक्षता द्यायला येऊ का दारोदार?"

एकेक दार किलकिलं झालं. आया लेकरं घेऊन आल्या.

"मलाही टोच," आत्या म्हणाली.

"तुला बघून खोकलाच पळून जाईल, आत्या."

पुढचे डोसही वेळेवर झाले. हिवाळ्यात खोकला नदीच्या पल्याडच्या काठापर्यंत आला. अल्याड, वस्तीत, धुक्यात, बाळं गाढ झोपलेली होती.