राजीखुशीचा कागद

आमच्याकडे बहिणीने बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि भावाने तिला चतुर्थीला माहेरी न्यायचं, असंच चालत आलंय. पण मी नवरा गेल्यावर परत आलेली. त्याच जमिनीवरच्या एका खोलीत राहते. भावाला तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. हक्कसोडीचा कागद देऊन तो म्हणाला, "नुसती सही गो बाय. तुका काय मी रस्त्यार टाकतलंय?"

मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते त्या निवृत्त मास्तरीणबाई घरात पाहुणे ठेवतात. त्या महिन्यात एक म्हातारी इंग्रज वकीलबाई होती. बोस्नियात लढाई चालू असताना ती औषधं आणि पीठ घेऊन गेली होती, असं मास्तरीणबाईंनी मला सांगितलं. तिथल्या बायकांना जीव वाचवायला गाव सोडायचं असे. पण घर लिहून दिल्याशिवाय कोणी बसमध्ये चढू देत नसे. लढाई संपल्यावर तसले कागद रद्द करणारा कायदा व्हावा म्हणून ही बाई कित्येक वर्षं तिथल्या मंत्र्यांच्या मागे लागली होती.

मी पाहुण्यांसमोर ताट ठेवते आणि आत जाते. त्या दिवशी मात्र कागद पुढे केला. मास्तरीणबाईंनी तो वाचून तिला इंग्रजीत सांगितला. 'कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने' इथे आल्यावर ती मध्येच बोलली.

"त्या बायकांच्या कागदार पण ह्याच लिवलेला होता म्हणता ती," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"माका खंय कोणी बंदूक दाखवल्यान?"

"ता पण सांगलंय. ती विचारता, सही केलंस तर रवतलंस खंय?"

 कुठे राहीन ते सांगायचं सोडून मीच विचारलं, घर परत मिळालेल्या बायकांचं काय झालं?

 बऱ्याच जणींनी घर विकलं, वकीलबाई म्हणाली. एक राहिली, तिच्याशी शेजारी बोलत नाहीत. इथला कायदा मला ठाऊक नाही, कुडाळच्या एखाद्या वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नकोस, एवढंच तिने सांगितलं.

पण दुसऱ्याच दिवशी भावाने मला मोटारसायकलवर बसवून मालवणच्या दस्त नोंदणीच्या कचेरीत नेलं. नको म्हणायला मला जमलं नाही.

"राजीखुशीने सही करताय ना, मावशी?" साहेबांनी विचारलं.

मी खाली बघितलं. मी गप्प राहिले की लोक होकारच समजतात.

"लाजता ती. होय म्हण गो," भाऊ हसून म्हणाला.

"तोंडाने सांगा, मावशी."

"नाय," मी म्हटलं. इतकं हळू, की साहेबांनी परत बोलायला लावलं.

भाऊ एकटाच निघून गेला. मी एसटीने आले, तर अंगणातल्या विहिरीचा दोर काढून ठेवलेला होता. तेव्हापासून पाणी मास्तरीणबाईंकडून आणते. वाट भावाच्या दारावरूनच आहे. वहिनी पायरीवर बसलेली असते, ती मान वळवते. भरलेली कळशी कमरेवर असली की भरभर चालताही येत नाही.