मागून घेतलेली बदली

सुखाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरी बोलणार. मास्तर माणूस ज्या विषयात नापास झाला, तोच जास्त शिकवतो.

मी मूळचा मेहकरचा. वडील तहसिलीत कारकून, घरात शाईच्या दौती आणि नियमांच्या गोष्टी. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील तेव्हा मला नोकरी लागली ती सुलतानपूरच्या पलीकडे, सडक सोडून दोन कोस आत असलेल्या एका लहान गावात. मोटार फाट्यावर सोडायची आणि पुढं पायी. नाल्याला पूर असला की अलीकडचे अलीकडे. शाळा म्हणजे मारुतीच्या मागच्या दोन खोल्या, वर्ग चार आणि मास्तर मी एकटा. पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की इथं वर्षभर काढायचं आणि मेहकर गाठायचं. वर्षाची सहा वर्षं झाली.

दुसऱ्या वर्षी लग्न झालं. बायको जालन्याकडच्या एका खेड्यातली, आईबाप लहानपणीच गेलेले, काकाच्या घरी वाढलेली. काकानं लग्न लावून दिलं आणि हात झटकले. पहिली दिवाळी आली. आमच्याकडे दिवाळीला लेकीला माहेरी न्यायला कुणीतरी येतं. गावातल्या सगळ्या सुनांना न्यायला भाऊ आले, बैलगाड्या निघाल्या. माझी बायको दारात उभी राहून त्या गाड्या बघत होती. तिला न्यायला कुणी येणार नव्हतं, हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. तरी ती उभी होती.

भाऊबीजेच्या दिवशी गावचे पाटील आणि पाटलीणबाई आमच्या खोलीवर आले. पाटलांना चार पोरं, लेक नाही. पाटलीणबाईंनी लुगडं-चोळी पुढं केली आणि म्हणाल्या, "आमाले लेक नाई, तुले माय नाई. चाल घरी."

झालं. ती त्यांची मानलेली लेक. पाटलांचं घर आमच्या खोलीपासून चौथं. पण माहेर ते माहेर. बायकोनं रीतसर गाठोडं बांधलं, पाटलांचा थोरला मुलगा न्यायला आला, आणि चार घरं ओलांडून ती आठ दिवसांसाठी माहेरी गेली. मी भाकरी थापत बसलो. आठव्या दिवशी मी आणायला गेलो, तर पाटलीणबाई म्हणतात, "जवाई, दोन दिवस राहू द्या अजून." गाव हसायचं. मीही तिला चिडवायचो, "प्रवासानं दमली असशील." ती तोंडाला पदर लावून हसायची. त्या गावात ती किती सुखात होती, हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. मला वाटायचं, हिचं काय, हिला थोडक्यात भागतं.

मला थोडक्यात भागत नव्हतं. मेहकरला नळ आले होते, वीज आली होती, वर्तमानपत्र त्याच दिवशी मिळायचं. माझ्याबरोबर शिकलेले तिथल्या मोठ्या शाळेत लागले होते. सुट्टीत भेटले की विचारायचे, "अजून तिथंच का बे?" तेवढ्या चार शब्दांनी माझं जेवण जायचं. आता वाटतं, मला मेहकर हवं होतंच, पण त्याहून जास्त तो प्रश्न बंद व्हायला हवा होता. माणसाच्या निम्म्या इच्छा अशा दुसऱ्याच्या तोंडून आलेल्या असतात. बाकीच्या निम्म्या खऱ्या असतील, देव जाणे.

सहाव्या वर्षी चैत्रात मी बुलढाण्याला गेलो आणि बदलीचा अर्ज दिला. माझ्याच अक्षरात, दोन पानी. बायकोला सांगितलं, परीक्षेच्या कागदांचं काम आहे. वैशाखात हुकूम आला. ती पाटलांच्या अंगणात कुरोड्या घालत होती. आमच्या गल्लीत ते काम पाळीनं चालायचं, आज हिच्या घरी तर उद्या तिच्या घरी, आणि परवा आमची पाळी होती. ती घरी आली, हात कोपरापर्यंत चिकानं माखलेले. मी म्हणालो, "बदली झाली मेहकरला. सरकारी हुकूम आहे."

"मी मागितली" हे शब्द तोंडात होते. तिचा चेहरा पाहिला आणि गिळले. आणि पुढचं काय झालं म्हणता? ती माझीच समजूत घालायला बसली. "आपलं काय चालते सरकारपुढं? तुमी जिवाले लावून घेऊ नोका." मी उदास आहे असं समजून तिनं त्या संध्याकाळी माझ्यासाठी पुरण घातलं. खोटं बोलू नये हे सहा वर्षं फळ्यावर लिहिणाऱ्या मी ते पुरण तुपाशी खाल्लं.

तिथंच संपलं असतं, पण गाव गप्प बसेना. गुरुजींना जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. कागद तयार झाला, ज्यांना मी सही शिकवली त्यांनी सह्या केल्या, बाकीच्यांनी अंगठे. पाटील चार माणसं घेऊन बुलढाण्याला निघाले. मी म्हणालो, "कशाला तसदी घेता, हुकूम फिरत नसतो." त्यांना वाटलं मास्तर भिडस्त आहेत.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आधी ते परतले. बायको माझ्या आधी त्यांच्या घरी पोचली होती. "काय झालं, बाबा?" पाटील अंगणात पाय धूत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "साहेब म्हने, झाला हुकूम तं झाला. काई व्हत नाई, माय." ती आत पाटलीणबाईंच्या गळ्यात पडायला गेली, आणि मग ते माझ्याकडे वळले.

"आत म्या एकटाच गेल्तो, गुरुजी. साहेबानं अर्ज दाखोला. अक्षर वयखलं म्या. माहा नातू त्याच अक्षरावर गिरवते." पाय पुसत म्हणाले, "जा वाटलं तं जा. त्यात वाईट काई नाई. पन पोरीले सांगू नोका. तिचा जीव इथं लागला, अन् तिच्या मानसानंच तो उपटला, हे तिले सोसन नाई."

मी मान खाली घातली.

मेहकरला आलो. नळ, वीज, त्याच दिवशीचं वर्तमानपत्र. खरं सांगतो, आनंद झाला. पंधरा दिवस टिकला. मग समजलं की या शाळेतला मानाचा वर्ग दुसऱ्याकडे आहे. मग तो हवा झाला. मग हेडमास्तरकी, मग स्वतःचं घर. एक मिळालं की दुसरं खुणावायचंच. लोक म्हणतात, समाधान मानावं. मी तसं म्हणणार नाही. गावानं समाधान मानलं असतं तर त्या दोन खोल्यासुद्धा उठल्या नसत्या. पाटलांनी स्वतः दगड वाहिले होते. मागावं माणसानं, पण मी मागितलं म्हणून सांगावं. मी माझी हाव सरकारच्या नावावर खपवली. त्या दिवशी खरं बोललो असतो तर बायको भांडली असती, रडली असती, आठ दिवस अबोला धरला असता, आणि आली असती. माहेर तरी तिचं तिच्याजवळ राहिलं असतं.

कारण पुढं झालं ते असं. पहिल्या दोन दिवाळ्यांना पाटील स्वतः लुगडं-चोळी घेऊन मेहकरला आले. पहिल्या वेळी ती त्यांच्याबरोबर गेली आणि परत आल्यावर महिनाभर तिचं कशात मन लागेना. म्हणून दुसऱ्या वर्षी मी काहीतरी निमित्त काढून तिला जाऊ दिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका मास्तरची बदली रद्द झाली. गावचे लोक तीन दिवस ऑफिसच्या दारात बसले होते म्हणे. आमच्याच शाळेतल्या एका शिक्षकाच्या बायकोनं तिला ते सांगितलं.

ती घरी आली आणि मला विचारलं, "बाबांनी जोर लावला असता तं आपलाबी हुकूम फिरला असता नं?"

मी म्हणालो, "कुणास ठाऊक."

दोनच शब्द. मला आजही कुणी "कुणास ठाऊक" म्हटलं की चीड येते, आणि समोरच्याला कळत नाही मास्तर काऊन भडकले ते.

त्या दोन शब्दांवर तिनं सगळा हिशेब मांडला. एक चक्कर मारली आणि गप्प बसले. लेक लेक म्हणाले, आणि लेकीसाठी ऑफिसच्या दारात बसवलं नाही त्यांच्यानं. सख्खी असती तर बसले असते. हे ती बोलायची आणि मी ऐकायचो. तिसऱ्या दिवाळीला पाटील आले. वय झालेलं, फाट्यापर्यंत पायी, पुढं मोटारीत उभे राहून आलेले. त्यांनी पिशवीतून लुगडं काढलं. तिनं हात लावला नाही.

"नोका आनत जाऊ," ती म्हणाली. "मानलेल्या लेकीचं इतकं करा नाई लागत."

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. एक वाक्य बोलले असते तर ते मोकळे झाले असते आणि मी उघडा पडलो असतो. मी वर्तमानपत्र वाचत होतो. म्हणजे धरलं होतं. त्यांनी लुगड्याची घडी सारखी केली, पिशवीत घातली. म्हणाले, "बरं, माय. सुखी राय." आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मी हेडमास्तर झालो, घर बांधलं. एकदा बाजाराच्या दिवशी त्या गावचा एक शेतकरी भेटला, माझाच जुना विद्यार्थी. त्यानं सांगितलं, पाटील गेले, महिना झाला. घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. "बरं," म्हणाली आणि निवडत राहिली.

ते "बरं" मला बसू देईना. जिच्यासाठी त्या माणसानं आयुष्यभर तोंड शिवून ठेवलं, ती त्याच्या मरणावर ज्वारीतले खडे काढत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. अर्ज, अक्षर, त्यांनी मला घातलेली अट, सगळं. पाटलांनी सांगू नका म्हटलं होतं. ते तिच्यासाठी होतं, मी त्याचा आडोसा माझ्यासाठी केला होता, हेही सांगितलं.

ती भांडली नाही. सूप बाजूला ठेवलं, उठली, न्हाणीत गेली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. भर दुपारी. बाहेर आली तशीच ओली. म्हणाली, "मले सुतक हाये. बाप गेला माहा."

लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीन दिवसांचं. तीन दिवस ती देवाला शिवली नाही, चुलीजवळ आली नाही, कोपऱ्यात घोंगडीवर बसून राहिली. मी भाकरी करून ताट पुढं ठेवायचो. ती अर्धी खायची.

आता तीही नाही. ती असताना मला कायम पुढचं काहीतरी हवं असायचं. आता मागचं हवं आहे. ती गाठोडं घेऊन चार घरांवरच्या माहेराला निघालेली एकदा दिसावी, आणि मी दारात उभं राहून चिडवावं, एवढंच. ते तर मला फुकट मिळालेलं होतं.

त्या सुतकाच्या चौथ्या दिवशी सकाळी ती न्हाली, पाटलीणबाईंना भेटायला निघाली. मला बरोबर येऊ नका म्हणाली. दारात चपला घालताना थांबली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"म्या लुगडं वापस देलं त्या दिवशी, जाताना बाबांनी मांगं पाह्यलं होतं काय हो? मी तं आत निघून गेल्ती."

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती, आणि सोपी होती.

"हो," मी म्हणालो. "गल्लीच्या तोंडाशी उभे होते बराच वेळ. तू बाहेर येशील असं त्यांना वाटत होतं. मी खिडकीतून पाहिलं, आणि तुला हाक मारली नाही."