टेट्रा स्पेशल

काच आठ दिवस पुसली नाही की माशांच्या टाकीत शेवाळ धरतं. आमच्या भोईवाड्याच्या खोलीतल्या टाकीवर किस्सेही तसेच धरलेत. टाकी दादाची, माझ्या मोठ्या भावाची. तो जाऊन चार महिने झाले. सगळे सांगतात, "देऊन टाक रे, विसरशील." विसरायचंय कोणाला? टाकी इथेच राहणार, आणि दादाचीच राहणार!

*

निऑन टेट्राच्या पिशवीत एकदा चुकून सात वेगळेच मासे आले. चांदीसारखे, शेपटीवर काळा ठिपका. दुकानदारालाही ओळखू येईनात. त्याने पिशवीवर लिहिलं, 'टेट्रा एसपी.' दादाने अख्ख्या चाळीला सांगितलं, "एसपी म्हणजे स्पेशल!"

*

वर्षभराने शिवाजी पार्कचे काळे सर आले. रिटायर्ड प्रोफेसर, माशांचे वेडे. 'स्पेशल' ऐकून त्यांना हसता हसता ठसका लागला. "अरे नितीन, एसपी म्हणजे स्पीशीज. म्हणजे, जात माहीत नाही!"

दादा म्हणाला, "जात माहीत नाही? मग स्पेशलच की, सर!"

सरांनी खुर्ची ओढली. मग म्हणाले, "चहा टाक."

*

गिरगावचा एक तज्ज्ञ भिंग घेऊन आला. तासाभरात तीन नावं सांगितली, तीनही छातीठोक. मी म्हटलं, "काका, मासा एकच आहे!"

*

आई मालवणची. पहिल्यांदा टाकीत वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्यो वाढतलो कितको?"

दादा म्हणाला, "एवढाच राहतो, आई."

"मगे पोसतंस कित्याक? कालवणात गावाचो पण नाय!"

*

दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टाकीचं पाणी बदलत होतो. मावशी ओरडली, "अरे, सुतक आहे घरात!"

मी म्हटलं, "मासेपण घरचेच. सांग त्यांना, तेरा दिवस पोहू नका!"

मावशी रडता रडता हसली. मला नाही हसू आलं. बादली घेऊन मोरीत गेलो आणि नळ मोठा सोडून बसलो.

*

गेल्या महिन्यात दादरच्या एका हॉलमध्ये माशांचं प्रदर्शन होतं. ते सात मासे छोट्या टाकीत घालून नेले; आई आणि काळे सरही बरोबर आले. फॉर्मवर मालक म्हणून मी दादाचं नाव लिहिलं. काळे सर म्हणाले, "तुझं लिही, बाळा. मालक हजर लागतो, नियम आहे." मी ऐकलं नाही.

आयोजक फॉर्म घेऊन टाकीसमोर आला. "नितीन परब कोण?"

त्याने दोनदा नाव पुकारलं.

"मालक नसेल तर टाकी बाद!" त्याने पेन काढलं. मी बाह्या सरसावल्या. सरांनी माझा दंड धरला.

तेवढ्यात आई खुर्चीवरून उठली. पदर खोचला, टाकीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"तो कामार गेलो हा. काय असात ता माका सांगा!"