सुताराला बोलावं लागलं

आमच्या सुताराच्या तोंडून शब्द फुटणं मुश्कील. बायको रुसली की तो तिच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि भांडण मिटायचं.

पण दोघं यहुदी. पाळी आल्यापासून बायकोचं शुद्धिस्नान होईपर्यंत नवरा-बायकोनं एकमेकांना शिवायचं नाही, हा त्यांचा धर्मनियम. नेमका त्याच दिवसांत तो सासूला टाकून बोलला. बायको मुसमुसू लागली. त्यानं सवयीनं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"चुकलं माझं," तो पुटपुटला.

"काय चुकलं?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. आपली आई लहानपणीच गेली, म्हणून बायकोच्या आईचं कौतुक ऐकवत नाही, हेसुद्धा.

तिनं डोळे पुसले. "एवढं बोलता येतं होय तुम्हाला!"

हल्ली रंधा मारतानाही त्याची बडबड चालूच असते.