गोजरबाईची मशीन आणि आवाज मोजणारी बाय

किन्हवलीच्या आसपासच्या पाड्यांत गोजरबाईला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. दिवाळी सरली की खळ्याखळ्यावर भात झोडायची मशीन धडधडायला लागते. तिच्या तोंडाशी डोक्याला पदर गुंडाळून भाऱ्यामागून भारा आत सारत उभी असते ती गोजर. मशीन नवऱ्याची, काळूरामची. ट्रॅक्टर तो सांभाळतो, पट्टा तो बघतो, शेतकऱ्यांशी बोलणंही त्याचंच. पण मशीनचं पोट भरते ती गोजर. मुरबाडकडच्या माहेरी फळीवर भारे आपटत वाढलेली ही बाई. मशीन दारात आली त्या दिवशी तिने तिला कुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यापुढे उभी राहिली ती आजतागायत.

गोजरला दुःख एकच होतं आणि ते ती वाटेल त्याला ऐकवायची. नवरा ओरडायला लागला होता. पूर्वीचा काळूराम म्हणजे मेणाहून मऊ. दिवसभर घामाघूम झालेली ती दोघं जेवताना असं हळू बोलायची की गोजरला तेवढ्यानेच दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटायचं. आता त्याने मीठ मागितलं तरी शेजारीण दचकायची. गोजरच्या मते कारण उघड होतं. मशीनने नवऱ्याचे कान घालवले, आणि बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही. "डाक्टरकडं चला," असं ती म्हणाली की काळूराम हसायचा आणि काहीतरी निमित्त काढून ट्रॅक्टरखाली शिरायचा. बाकीचं गावही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतं अशी तिची आणखी एक तक्रार होती, पण त्याचा दोष ती लोकांच्या आळशीपणाला द्यायची.

यंदा आसनगावची भूमिका नावाची मुलगी खळ्यावर आली. शेतातल्या आणि रस्त्यावरच्या मशिनी किती आवाज करतात ते मोजत ती गावोगाव फिरत होती. सगळीकडची मापं गोळा झाली की कारखान्यांनी किती आवाजाची मशीन बनवावी याचा नियम ठरणार होता. जोडीला मशीनवर काम करणाऱ्यांचे कानही ती तपासायची. हे कळल्यावर गोजरने मनात पक्कं केलं की आज नवऱ्याला सुटू द्यायचं नाही.

भूमिका बांधावरून येताना दिसली तशी काळूरामने रेस कमी केली. इकडे खळ्यावर पाहुणा आला की असंच करतात. चालतं काम बंद करणं बरं दिसत नाही, आणि पाहुण्याला ओरडून बोलायला लावणं त्याहून वाईट. मशीन आपली गुरगुरत राहिली. भूमिकाने यंत्र धरलं, आकडा बघितला आणि म्हणाली, "काका, तुमची मशीन चांगलीच शांत आहे. कालच्या खळ्यांवरही असंच होतं."

काळूराम खूश झाला. गोजरचं मात्र डोकं फिरलं. तिने भूमिकाला पेंढ्याच्या आडोशाला ओढून नेलं.

"तू पाव्हनी म्हून आलीस ना गो? पाव्हनीसमोर कोन रेस वाढवील? कामाला ये. डोक्याला वढणी बांध नि भारे उचल, मंग मोज काय ते."

भूमिका हसली, पण चूक तिच्या ध्यानात आली. एक छोटं यंत्र तिने काळूरामच्या खिशाला लावलं, दुसरं गोजरच्या खांद्याला, आणि डोक्याला ओढणी गुंडाळून बायांच्या रांगेत शिरून भारे वाहायला लागली. काळूरामने इकडेतिकडे पाहिलं. पाहुणी कुठे दिसेना. मग त्याने रेस अशी वाढवली की बाजूच्या झाडावरचे बगळे उडाले.

जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबली. भूमिकाने आकडे पाहिले आणि तिचा चेहरा बदलला. "काकांच्या जागी फारच आवाज आहे," ती म्हणाली. "आणि मावशी, तुमच्या जागी त्याहून जास्त."

गोजरने पहिलंच वाक्य धरलं. "बघा, मी म्हनत नव्हते? बसा आता हितं."

काळूराम नाइलाजाने आंब्याखाली बसला. भूमिकाने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बोट वर करायचं. काळूराम बोट वर करत राहिला, मधले काही चुकले. "थोडे कमी झालेत," भूमिका म्हणाली, "पण काळजी करण्यासारखं नाही."

हे गोजरला पटेना. "मशीन बिघडलीय तुजी. माजे बघ, मंग फरक कळंल."

ती मांडी घालून बसली, शाळेतल्या मुलीसारखं बोट तयार ठेवून. बराच वेळ गेला. "लाव की गो," ती म्हणाली. भूमिकाने काळूरामकडे पाहिलं. बाया जेवायच्या थांबल्या. काळूराम उठला आणि त्याने बायकोच्या कानांवरचे हेडफोन हळूच काढले.

"चालूच हाय, गोजर," तो नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला. "मगासधरनं."

गोजरचं बोट तसंच राहिलं. "मंग तुमी वरडता ते..."

"तुला आयकू यावं म्हून. तुला सांगायला जीभ रेटली नाय. डाक्टरकडं गेलो आसतो तर त्यानं तुला पन तपासलं आसतं."

गोजर रडली. मग चिडली. एवढी वर्षं वाया घालवली म्हणून तिने त्याला बायांदेखत चार शब्द सुनावले, आणि त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतले, कारण त्यात तिचं काही चुकत नव्हतं. भूमिकाने किन्हवलीच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. उद्यापासून मशीनच्या तोंडाशी आपण स्वतः कान झाकून उभं राहायचं आणि गोजरने तिथे फिरकायचं नाही, हे काळूरामने तिथल्या तिथे जाहीर केलं.

गोजरने डोळे पुसले. मग ती सरकत सरकत नवऱ्याला अगदी खेटून बसली. गावच्या सुना-लेकींसमोर असं बसायची तिला लाज वाटली, तरी बसली, आणि आपल्या कानाकडे बोट दाखवून म्हणाली, "आता वरडू नका. हितं बोला."